होम डेपोची पुरवठा साखळी

होम डेपोची पुरवठा साखळी म्हणजे घरबांधणी, घरदुरुस्ती व बागकामाचे साहित्य विकणाऱ्या ‘द होम डेपो’ या अमेरिकन कंपनीची खरेदी, वाहतूक, साठवण व वितरणाची एकत्रित व्यवस्था होय. कारखान्यातून निघालेला माल दुकानाच्या फळीपर्यंत किंवा ग्राहकाच्या दारापर्यंत पोहोचवणे हे या व्यवस्थेचे काम आहे. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांत कंपनीची २,३०० हून अधिक दुकाने असून २०२४ च्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे १५९.५ अब्ज डॉलर होती. घरसुधारणा साहित्याच्या किरकोळ विक्रीत ही जगातील सर्वांत मोठी कंपनी आहे.

स्थापनेनंतर जवळजवळ तीन दशके या कंपनीत पुरवठादार आपला माल थेट दुकानांकडे पाठवत असत. २००७ पासून कंपनीने ही पद्धत टप्प्याटप्प्याने बदलून मध्यवर्ती वितरणाची रचना उभारली. एखाद्या मोठ्या व्यापारी संस्थेने आपली पुरवठा साखळी चालू कारभारात मुळापासून कशी बदलली, याचे उदाहरण म्हणून हे स्थित्यंतर अभ्यासले जाते.

## पार्श्वभूमी

बर्नार्ड मार्कस व आर्थर ब्लँक यांना १९७८ साली ‘हँडी डॅन’ या हार्डवेअर विक्री कंपनीतून काढून टाकण्यात आले. त्यानंतर त्यांनी केन लँगोन, रॉन ब्रिल व पॅट फराह यांच्या साहाय्याने होम डेपोची स्थापना केली. पहिली दोन दुकाने २२ जून १९७९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात उघडली. प्रत्येक दुकान सुमारे ६०,००० चौरस फुटांचे होते व त्यात सुमारे २५,००० प्रकारच्या वस्तू होत्या. त्या काळच्या सामान्य हार्डवेअर दुकानाच्या मानाने हा संग्रह फार मोठा होता. सुरुवातीला भांडवल इतके तुटपुंजे होते की, दुकान भरलेले दिसावे म्हणून वरच्या फळ्यांवर रिकामी खोकी रचून ठेवली होती, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. १९८१ साली कंपनीचे समभाग विक्रीस आले आणि १९८९ साली ‘लोज’ या जुन्या स्पर्धकाला मागे टाकून ती या क्षेत्रात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली.

महाराष्ट्रात घर बांधणाऱ्याला सिमेंट-लोखंडाचा व्यापारी, लाकडाची वखार, रंगाचे दुकान, नळ-पाइपांचे दुकान व विजेच्या सामानाचे दुकान असे अनेक उंबरे झिजवावे लागतात. होम डेपोने हे सारे एका छपराखाली आणले. कंपनीच्या दुकानाचे सरासरी बंदिस्त क्षेत्रफळ सुमारे १,०४,००० चौरस फूट असते आणि त्याला जोडून सुमारे २४,००० चौरस फुटांचा बागकाम विभाग असतो. दुकानात साधारणपणे ३०,००० ते ४०,००० प्रकारच्या वस्तू मिळतात. संकेतस्थळावरील वस्तूंची संख्या दहा लाखांहून अधिक आहे.

## मालाचे स्वरूप

या धंद्याच्या अडचणी मुख्यतः मालाच्या विविधतेतून उद्भवतात. एकाच दुकानात मुठीत मावणारा स्क्रू असतो आणि सोळा फूट लांबीची तुळईही असते. त्यांचे ढोबळ वर्ग असे :

* लहान खोक्यांतील माल : खिळे, स्क्रू, नळ, बिजागऱ्या, विजेची बटणे. हा माल सरकत्या पट्ट्यांवरून नेता येतो व यंत्राने वेगळा करता येतो.
* अवजड व लांब माल : लाकूड, प्लायवुड, जिप्समचे तक्ते, सिमेंटची पोती, छपराचे साहित्य. यासाठी फोर्कलिफ्ट व उघड्या पाठीचे ट्रक लागतात.
* मोठी उपकरणे : शीतकपाटे, धुलाई यंत्रे. ती बहुधा ग्राहकाच्या घरी नेऊन बसवून द्यावी लागतात.
* सजीव माल : रोपे व फुलझाडे. ती टिकाऊ नसल्याने बहुतेक वेळा त्या त्या प्रदेशातील रोपवाटिकांकडूनच घेतली जातात.
* धोकादायक माल : रंग, द्रावणे, कीटकनाशके. यांच्या वाहतुकीला व साठवणीला स्वतंत्र नियम लागू असतात.

एकाच प्रकारच्या गोदामातून हे सर्व हाताळणे शक्य नसते. शिवाय येथील ग्राहक बहुधा काम अर्धवट टाकून आलेला असतो. नळकाम करणाऱ्याला हवा तो जोड मिळाला नाही, तर त्याचे पूर्ण दिवसाचे काम अडते आणि इतर खरेदीही तो दुसऱ्या दुकानात करतो. म्हणून काही रुपयांची वस्तू नसल्याचे नुकसान त्या वस्तूच्या किमतीहून कितीतरी मोठे असू शकते.

## थेट पुरवठ्याचा काळ (१९७९–२००६)

प्रारंभीच्या रचनेत दुकान हेच गोदाम होते. विक्रीचा माल खालच्या फळ्यांवर मांडला जाई आणि त्याचा जादा साठा त्याच रांगेत, छतापर्यंत गेलेल्या लोखंडी मांडणीवर ठेवला जाई. स्वतंत्र गोदामांचा खर्च वाचत असल्याने किमती कमी ठेवता येत. कोणता माल किती मागवायचा हे बहुतांशी दुकानाचा व्यवस्थापक व विभागप्रमुख ठरवत. स्थानिक हवामान, घरांची बांधणी व ग्राहकांच्या सवयी त्यांना ठाऊक असत. हे स्वातंत्र्य कंपनीच्या यशाचे एक प्रमुख कारण मानले जाई.

दुकानांची संख्या शेकड्यांत होती तोवर ही पद्धत चालली. ती दोन हजारांकडे सरकू लागली, तेव्हा दोष ठळक झाले. एकेका पुरवठादाराला शेकडो दुकानांकडे स्वतंत्र खेपा पाठवाव्या लागत व ट्रक अर्धे रिकामे धावत. दुकानांच्या मागच्या दारी दिवसभर गाड्यांची रांग लागे. माल उतरवणे, मोजणे व नवी मागणी नोंदवणे यांत कर्मचाऱ्यांचा मोठा वेळ जाई आणि ग्राहकाकडे पाहायला माणूस उरत नसे.

डिसेंबर २००० मध्ये ‘जनरल इलेक्ट्रिक’मधून आलेले रॉबर्ट नारडेली मुख्याधिकारी झाले. त्यांनी खरेदीचे अधिकार मध्यवर्ती कार्यालयाकडे आणले व संगणकीकरण वाढवले. २००० ते २००६ या काळात कंपनीची विक्री सुमारे ४६ अब्ज डॉलरवरून ९० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. तथापि खर्चकपातीसाठी अनुभवी कर्मचाऱ्यांच्या जागी अर्धवेळ कर्मचारी नेमल्यामुळे ग्राहकसेवा खालावल्याची टीका झाली. खरेदीचा निर्णय वर गेला, परंतु मालाचा मार्ग जुनाच राहिला. स्पर्धक लोजने मात्र प्रादेशिक वितरण केंद्रांचे जाळे आधीच उभारले होते. जानेवारी २००७ मध्ये नारडेली पायउतार झाले व फ्रँक ब्लेक मुख्याधिकारी झाले.

## जलद वितरण केंद्रे

२००६ साली कंपनीत आलेल्या मार्क होलिफिल्ड यांच्याकडे पुरवठा साखळीची जबाबदारी होती. त्यांच्या नेतृत्वाखाली २००७ पासून ‘जलद वितरण केंद्रे’ उभारण्यास प्रारंभ झाला. एक केंद्र साधारण शंभर दुकानांना माल पुरवते. २०१० च्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस सुमारे दीड डझन केंद्रांमधून अमेरिकेतील सर्व दुकाने या व्यवस्थेत आली.

### कार्यपद्धती

हे केंद्र रूढ अर्थाने गोदाम नाही, कारण येथे माल साठवला जात नाही. एका बाजूच्या धक्क्यावर पुरवठादारांचे ट्रक रिकामे होतात. खोक्यांवरील बारकोड वाचून ती सरकत्या पट्ट्यांवरून त्या त्या दुकानासाठी ठरलेल्या दाराकडे जातात आणि दुसऱ्या बाजूने दुकानांचे ट्रक भरले जातात. टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी होते, तशीच ही मालाची वर्गवारी आहे.

या पद्धतीचा लाभ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, नळ बनवणाऱ्या कारखान्याचा माल शंभर दुकानांत जातो आणि प्रत्येक दुकानाची आठवड्याची गरज दहा खोक्यांची आहे. थेट पुरवठ्यात दहा खोक्यांसाठी गाडी पाठवणे परवडत नाही. म्हणून कारखाना किमान पन्नास खोक्यांची अट घालतो आणि दुकानात पाच आठवड्यांचा माल एकदम येऊन पडतो. वितरण केंद्र असल्यास शंभर दुकानांची एकत्रित मागणी एक हजार खोक्यांची होते. कारखाना पूर्ण भरलेला ट्रक एकाच ठिकाणी पाठवतो, केंद्रात खोकी वेगळी होतात आणि प्रत्येक दुकानाला दर आठवड्याला दहाच खोकी मिळतात. त्याच ट्रकमध्ये शेकडो अन्य पुरवठादारांचा माल असल्याने तोही पूर्ण भरतो. अशा रीतीने वाहतूक खर्च, दुकानातील साठा व मागणी-पूर्ततेचा कालावधी हे तिन्ही एकाच वेळी कमी होतात.

मागणी नोंदवण्याचे कामही दुकानांकडून काढून मध्यवर्ती नियोजन विभागाकडे देण्यात आले. विक्रीच्या नोंदींवरून संगणक गरजेचा अंदाज काढतो व नियोजक तो तपासतात. दुकानातील माणसांना ग्राहकांसाठी अधिक वेळ देणे हा या बदलाचा एक घोषित हेतू होता.

### मंदीतील उभारणी

ही उभारणी अमेरिकेतील गृहबाजार कोसळण्याच्या काळात झाली. कंपनीची विक्री २००७ च्या आर्थिक वर्षात ७७.३ अब्ज डॉलर होती, ती २००९ मध्ये ६६.२ अब्ज डॉलरवर आली. २००८ साली कंपनीने १५ दुकाने बंद केली व सुमारे ५० नियोजित दुकाने रद्द केली. नव्या दुकानांवर होणारा खर्च आटला आणि भांडवल विद्यमान दुकाने व पुरवठा साखळीकडे वळले. विक्री घटत असताना केलेल्या या गुंतवणुकीचे फळ पुढील दशकात मिळाले.

## ऑनलाइन विक्री व केंद्रांचे प्रकार

संकेतस्थळावरून मागवलेला माल दुकानातून नेण्याची सोय २०११ मध्ये सुरू झाली. २०१४ पासून घरपोच मालासाठी ‘थेट पूर्तता केंद्रे’ उघडण्यात आली. यांपैकी पहिले जॉर्जियातील लोकस्ट ग्रोव्ह येथे होते. संकेतस्थळावरील मागण्यांपैकी जवळपास निम्म्या ग्राहक स्वतः दुकानात येऊन नेतात. त्यामुळे दुकान हे ऑनलाइन व्यापारातही वितरणाचे ठाणे ठरले.

डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने तीन वर्षांत सुमारे ११ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची योजना जाहीर केली. यांपैकी पुरवठा साखळीसाठी पाच वर्षांत सुमारे १.२ अब्ज डॉलर खर्चण्याचे ठरले. अमेरिकेतील ९० टक्के लोकसंख्येला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी माल पोहोचवणे हे उद्दिष्ट होते. यातून पुढील प्रकारची केंद्रे आकाराला आली :

* जलद वितरण केंद्रे : साठा न करता दुकानांकडे माल वर्ग करणारी.
* साठवण केंद्रे : दीर्घ प्रवासाने येणारा आयात माल व हंगामी माल ठेवणारी.
* अवजड माल केंद्रे : लाकूड व बांधकाम साहित्य दुकानांना पुरवणारी.
* थेट पूर्तता केंद्रे : ऑनलाइन मागणीचा माल ग्राहकाकडे पाठवणारी.
* उघड्या ट्रकांची केंद्रे : लाकूड, जिप्समचे तक्ते, छपराचे साहित्य थेट बांधकामाच्या जागी उतरवणारी.
* बाजारपेठ वितरण केंद्रे : मोठी घरगुती उपकरणे शहरवार वाटणारी.

## दुकानातील कामकाज

माल उतरवणे व फळ्या भरणे ही कामे मुख्यतः ग्राहकांची वर्दळ नसताना, रात्री केली जातात. वरच्या मांडणीवरून फोर्कलिफ्टने माल काढताना ती रांग व तिच्या पाठीमागची रांगही अडसर लावून बंद करतात आणि एक कर्मचारी पहाऱ्यास उभा राहतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उंचावरून माल पडून काही ग्राहकांचे मृत्यू ओढवले होते. त्यानंतर मांडणीला जाळ्या बसवणे, माल बांधून ठेवणे यांसारख्या उपायांवर भर वाढला.

साठ्याची नोंद व प्रत्यक्ष साठा यांतील तफावत ही किरकोळ व्यापारातील जुनी व्याधी आहे. संगणक ‘चार नग शिल्लक’ असे दाखवतो आणि फळी मात्र रिकामी असते. चोरी, मोडतोड, चुकीची मोजणी किंवा माल वरच्या मांडणीवर विसरला जाणे ही त्याची कारणे असतात. नोंदीनुसार माल शिल्लक असल्याने नवी मागणीही जात नाही आणि वस्तू आठवडेच्या आठवडे मिळत नाही. २०१० मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना साठा पाहता येईल अशी हातातील उपकरणे दिली. २०२३ मध्ये आलेल्या ‘साइडकिक’ या प्रणालीत कोणती फळी आधी भरावी हे संगणक सुचवतो.

## मागणीचा अंदाज व साठ्याची उलाढाल

उत्तर अमेरिकेत बर्फ वितळल्यावर बागकाम व दुरुस्तीची कामे सुरू होतात, म्हणून वसंत ऋतू हा या धंद्याचा मुख्य हंगाम आहे. हिवाळा लांबला तर रोपे, खते व गवत कापण्याची यंत्रे पडून राहतात. एकाच आठवड्यात दक्षिणेकडील राज्यात बागकाम जोरात असते, तर उत्तरेकडील राज्यात बर्फ उपसण्याची फावडी विकली जात असतात. त्यामुळे देशभरासाठी एकच अंदाज उपयोगी पडत नाही.

साखळीची कार्यक्षमता मोजण्याचे एक परिमाण म्हणजे साठ्याची उलाढाल, म्हणजेच वर्षभरात सरासरी साठा किती वेळा विकला गेला तो आकडा. होम डेपोची उलाढाल २०१९ च्या आर्थिक वर्षात ४.९ होती, ती २०२० मध्ये ५.८ झाली व २०२२ मध्ये ४.२ पर्यंत उतरली. वर्षाच्या ३६५ दिवसांना या आकड्याने भागल्यास माल सरासरी किती दिवस पडून राहतो ते कळते. उलाढाल ५.८ असताना हा काळ सुमारे ६३ दिवस, तर ४.२ असताना सुमारे ८७ दिवस होतो. उलाढाल जास्त असणे नेहमीच चांगले असते असे नाही. २०२० मधील उच्च आकडा काही अंशी फळ्या रिकाम्या झाल्याचाही निदर्शक होता.

## आपत्तीकाळातील पुरवठा

अमेरिकेच्या आग्नेय व आखाती किनाऱ्यावर दरवर्षी चक्रीवादळांचा हंगाम असतो. वादळापूर्वी खिडक्या झाकण्यासाठी प्लायवुड, विद्युतजनित्रे, विजेऱ्या व पाणी यांची मागणी एकदम वाढते. वादळानंतर ताडपत्र्या, पंप, छपराचे साहित्य व स्वच्छतेची साधने लागतात. ऑगस्ट १९९२ मधील अँड्र्यू वादळात दक्षिण फ्लोरिडात कंपनीने प्लायवुडसारखे साहित्य खरेदी किमतीला विकले. टंचाईच्या काळात भाववाढ न करण्याच्या या धोरणामुळे तिची प्रतिष्ठा वाढली.

पुढे अटलांटा येथील मुख्यालयात आपत्ती नियंत्रण कक्षाची व्यवस्था झाली. वादळाच्या अपेक्षित मार्गाबाहेर मालाने भरलेले ट्रक उभे ठेवले जातात आणि रस्ते खुले होताच ते निघतात. २००५ च्या कॅटरिना वादळात प्रभावित क्षेत्रातील ३३ पैकी २३ दुकाने दुसऱ्याच दिवशी उघडली होती. अशा प्रसंगी एक दिवसाचा उशीर म्हणजे उघड्या छपराखाली एक रात्र, म्हणून पुरवठा साखळीच्या कार्यक्षमतेला येथे मानवी अर्थ प्राप्त होतो.

## महामारीचा काळ

मार्च २०२० नंतर अमेरिकेत ही दुकाने अत्यावश्यक सेवेत धरली गेल्याने उघडी राहिली. घरात अडकलेल्या लोकांनी दुरुस्तीची कामे हाती घेतली व मागणी अनपेक्षितपणे वाढली. कंपनीची विक्री २०१९ मधील ११०.२ अब्ज डॉलरवरून २०२१ मध्ये १५१.२ अब्ज डॉलरवर गेली. याच काळात बंदरांवर जहाजे खोळंबली व कंटेनरचे भाडे अनेक पटींनी वाढले. २०२१ मध्ये कंपनीने केवळ स्वतःच्या मालासाठी एक कंटेनर जहाज भाड्याने घेतले. मे २०२१ मध्ये लाकडाचा वायदेबाजारातील भाव १,००० बोर्डफुटांना १,६०० डॉलरच्या पुढे गेला व त्यानंतर काही महिन्यांतच कोसळला.

टंचाईच्या भीतीने आधीच व अधिक मागवलेला माल पुढे साठून राहिला. कंपनीचा वर्षअखेरचा साठा २०१९ मध्ये १४.५ अब्ज डॉलरचा होता, तो २०२२ मध्ये २४.९ अब्ज डॉलरवर पोहोचला आणि २०२३ मध्ये २१ अब्ज डॉलरपर्यंत कमी करण्यात आला. ग्राहकाच्या मागणीतील लहान चढउतार साखळीत मागे जाताना मोठे होत जातात, या सिद्धान्ताशी हा अनुभव जुळतो.

## व्यावसायिक ग्राहक व कंपन्यांची खरेदी

कंपनीची जवळपास निम्मी विक्री कंत्राटदार, रंगारी, सुतार, नळकामगार अशा व्यावसायिकांना होते. त्यांना मोठा माल, उधारी व बांधकामाच्या जागी वेळेवर पोहोच हवी असते. दुकान या गरजा पूर्णतः भागवू शकत नाही. ‘एचडी सप्लाय’ हा देखभाल साहित्याचा व्यवसाय कंपनीने २००७ मध्ये विकला होता, तो २०२० मध्ये पुन्हा विकत घेतला. जून २०२४ मध्ये छप्पर, जलतरण तलाव व बागरचना साहित्याची घाऊक वितरक ‘एसआरएस डिस्ट्रिब्युशन’ ही कंपनी १८.२५ अब्ज डॉलर मूल्याच्या व्यवहारात घेतली. ही तोपर्यंतची तिची सर्वांत मोठी खरेदी होती.

## परदेशातील अनुभव

कंपनी १९९४ मध्ये कॅनडात व २००१ मध्ये मेक्सिकोत गेली आणि तेथे स्थिरावली. चीनमध्ये २००६ साली ‘होमवे’ ही बारा दुकानांची साखळी घेऊन तिने प्रवेश केला. २०१२ मध्ये मात्र उरलेली सात मोठी दुकाने तिने बंद केली. मजुरी स्वस्त असलेल्या शहरांत लोक घरकाम स्वतः न करता कारागिरांकडून करून घेतात, हे त्याचे एक मुख्य कारण सांगितले गेले. ग्राहकाची जीवनपद्धती वेगळी असेल, तर केवळ कार्यक्षम पुरवठा पुरेसा होत नाही, हे यावरून दिसते.

मे २०२५ मध्ये आयातशुल्काच्या वाढीनंतर कंपनीने सांगितले की, तिचा निम्म्याहून अधिक माल अमेरिकेतच घेतला जातो आणि बारा महिन्यांत अमेरिकेबाहेरील कोणत्याही एका देशाचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक राहणार नाही.

## टीका

* पुरवठादारांवरील भार : रोपांच्या बाबतीत ‘विक्रीनंतर मोबदला’ ही पद्धत वापरली जाते. रोप गल्ल्यावर विकले जाईपर्यंत त्याची मालकी व जोखीम रोपवाटिकेकडे राहते. सुकलेल्या किंवा न विकलेल्या रोपांचे नुकसान उत्पादकाला सोसावे लागते.
* लाकडाचा उगम : पर्यावरणवादी संघटनांच्या दीर्घ आंदोलनानंतर ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनीने २००२ च्या अखेरीपर्यंत संकटग्रस्त वनांतील लाकडाची विक्री थांबवण्याचे व प्रमाणित लाकडाला प्राधान्य देण्याचे जाहीर केले.
* माहितीची सुरक्षितता : २०१४ मध्ये एका बाह्य पुरवठादाराचे प्रवेशनाव व परवलीचा शब्द वापरून चोरट्यांनी कंपनीच्या संगणक जाळ्यात शिरकाव केला. यात सुमारे ५ कोटी ६० लाख देयक कार्डांची माहिती चोरीस गेली. साखळीतील एका दुव्याचा दुबळेपणा संपूर्ण साखळीला भोवू शकतो, हे या घटनेने दाखवले.
* दुकानाचे स्वातंत्र्य : मध्यवर्ती नियोजनामुळे खर्च घटला, परंतु स्थानिक जाणकाराच्या निर्णयाला पूर्वीइतके स्थान राहिले नाही. या दोहोंचा समतोल कसा राखावा, हा प्रश्न सर्वच मोठ्या विक्रीसाखळ्यांपुढे आहे.

## हे सुद्धा पाहा

* पुरवठा साखळी व्यवस्थापन
* किरकोळ व्यापार
* साठा नियंत्रण
* लोज
* वॉलमार्ट